लुगड्याचा दंड, शेवळाची खाज

दिवाळीआधीचे पंधरा-वीस दिवस बोहारणीचे असतात. माळे उपसले जातात, कपाटं रिकामी होतात आणि दुपारची जेवणं आटोपून माणसं जरा लवंडली की गल्लीत तिची हाक येते. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची पातेली, डबे, परात. काखेत कपड्यांचं गाठोडं. मग पायरीवर जी घासाघीस रंगते तिच्यात शहरी मराठी गृहिणीनं पिढ्यान्‌पिढ्या आपली सारी हुशारी पणाला लावली आहे. चार साड्या, दोन पँटी आणि एका शर्टावर झाकणाचा डबा मागायचा. एवढ्यात गाळणी येते, असं तिनं म्हणायचं. आणखी एक पँट पुढे सरकवायची. अखेर डबा घरात येतो आणि आपणच जिंकलो असं दोघींनाही वाटतं.

ते गाठोडं पुढे जातं कुठे, हे त्या पायरीवरून दिसत नाही. मुंबईत हा धंदा बराचसा गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या हातात आहे. माल घरी नेऊन निवडला जातो. घालण्याजोगं एका बाजूला, दुरुस्तीचं दुसऱ्या, फाटकं तिसऱ्या. चेन बदलते, उसवलेली शिवण भरली जाते, डाग काढले जातात, इस्त्री फिरते. आणि आपण टाकलेली पँट नुकत्याच शहरात आलेल्या एखाद्या पोराच्या अंगावर चढते. धड न उरलेलं सुती कापड गॅरेजांत आणि कारखान्यांत तेल पुसायला जातं. निवडण्यापासून इस्त्रीपर्यंतच्या या कामाचा मोठा भाग बायका करतात आणि त्याला कुणी पर्यावरणरक्षण म्हणत नाही.

अलीकडे जुने कपडे घालणं आणि आपल्या भागात पिकेल ते खाणं या दोन्ही गोष्टी एकदम प्रतिष्ठित झाल्या आहेत. आजीची साडी नेसून काढलेला फोटो आणि शेजारी नाचणीची भाकरी, असं ते जोडचित्र. माझी त्याला हरकत नाही. नव्या कपड्यांच्या ढिगापेक्षा हे केव्हाही बरं. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात दर वर्षी सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा जमा होतो. त्यात गिरण्यांची कात्रणं आणि बाहेरून आलेल्या चिंध्याही धरल्या आहेत, पण आपल्या कपाटांचा वाटाही लहान नाही. तेव्हा जुनं घाला, जवळचं खा, हे ठीकच. फक्त त्या फोटोत एक माणूस दिसत नाही. जुनं कापड घालण्याजोगं ठेवणारे आणि रानातली भाजी खाण्याजोगी करणारे हात त्यात नसतात. त्या हातांना काय मिळतं, यावर हा सगळा डोलारा टिकेल की नाही ते ठरणार आहे.

आधी कापडाचं बघू. नऊवारी लुगडं झिजतं ते बसण्या-उठण्याच्या जागी. दोन्ही टोकं धड असतात आणि मधला भाग विरतो. तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि राहिलेले दोन तुकडे भक्कम शिवणीनं जोडायचे, याला दंड घालणं म्हणत. कधी दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग जोडून एक करत. दंड घातलेलं लुगडं ही गरिबीची खूण होती, चारचौघांत ते लपवायची धडपड असे. त्यातून एक-दोन वर्षं निघाली की लुगड्याचा पुढचा जन्म सुरू होई. धड भागातून मुलीचं परकर-पोलकं, त्याहून मऊ झालेल्या भागातून बाळाची दुपटी, झबली, कुंची. मग चार-पाच थर एकावर एक घालून गोधडी. कोल्हापूर-साताऱ्याकडे तीच वाकळ. गोधडीही फाटली की तिचं पायपुसणं, आणि शेवटी सारवणाचं पोतेरं. नव्या सुती कापडाची दुपटी बाळाला टोचतात म्हणून बाळंतविड्यात मुद्दाम जुनं सुती कापड मागून आणायची पद्धत होती.

या सगळ्याकडे आज हौसेनं पाहताना एक विसरू नये. हे काटकसरीचं तत्त्वज्ञान बायकांनी आवडीनं निवडलेलं नव्हतं. कापड महाग होतं आणि त्यांचा वेळ फुकट धरला जात होता. कापड स्वस्त झालं तेव्हा दंड घालणं सर्वांत आधी संपलं, आणि ज्यांच्या बोटांना सुया टोचल्या होत्या त्यांना त्याचं फारसं दुःख झालं असेल असं मला वाटत नाही.

बदल कापडाच्या जातीतही झाला. १९६० नंतर टेरिलीन आणि टेरिकॉट आलं. चुरगळत नाही, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं फाटत नाही म्हणून ते डोक्यावर घेतलं गेलं. आज जुन्या बाजारातून मोठ्या कॉलरचा, फुलाफुलांचा सत्तरच्या दशकातला शर्ट हौसेनं विकत घेणाऱ्यांनी त्याचं लेबल जरूर वाचावं. बहुधा तो पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलापासून झालेल्या धाग्याचा असतो. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू गटारात जातात आणि पुढे समुद्रात. तरीही तो घालावा असंच मी म्हणेन, कारण तो तयार होऊन पन्नास वर्षं झाली. आता फेकून दिला तर आणखी शेकडो वर्षं कुजणार नाही. पण तो सुती कापडाइतका निष्पाप आहे असं समजून मिरवू नये. आजोबांचा टेरिकॉटचा सफारी तर अमरच आहे. माणसं गेली, सफारी तसाच.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतला चोरबाजार, ही झाली जुनी ठिकाणं. इन्स्टाग्रामवर ‘थ्रिफ्ट’ म्हणून जो माल विकला जातो त्यातला बराचसा मात्र इथल्या कपाटांतला नसतो. युरोप-अमेरिकेत दान केलेले कपडे गठ्ठ्यांनी गुजरातेतल्या कांडला बंदरात उतरतात. वापरलेले कपडे आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत; पण कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ते निवडून परत बाहेर पाठवायची मुभा आहे आणि त्यातला काही माल आतल्या बाजारात झिरपतो. लोकरीच्या चिंध्या हरियाणातल्या पानिपतला जातात. तिथे त्या रंगांप्रमाणे वेगळ्या करून, फाडून, पुन्हा कातून त्यांची घोंगडी-ब्लँकेटं होतात. रंग आधीच जुळवलेले असल्यानं पुन्हा रंगवावं लागत नाही आणि पाणी वाचतं. भूकंप-पुरात वाटली जाणारी ती करडी ब्लँकेटं बहुतेक तिथलीच. निवडणाऱ्या बायका दिवसभर त्या धुळीत बसून बटणं आणि चेनी कापत असतात. तेव्हा न्यूयॉर्कच्या कुणा अनोळखी माणसाचं जाकीट घेण्याआधी आपल्या मावशीचं कपाट उघडून बघणं अधिक शहाणपणाचं.

मावशीच्या कपाटात काय निघेल? नशीब असेल तर पैठणी, नारायणपेठी, इरकल, संक्रांतीची काळी चंद्रकळा. आणि इथे एक धोका आहे. जुन्या पैठणीची, शालूची जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. आजच्या बहुतेक ‘टेस्टेड’ जरीत तांब्याची तार असते. म्हणून जुनी जरीची साडी विकत घेणारा माणूस तिच्याकडे साडी म्हणून बघतच नाही. तो पदराचा एक धागा ओढून जाळून बघतो, कसोटीवर घासतो आणि साडी काट्यावर ठेवतो. काठ-पदर कापून भट्टीत जातात, रेशीम जळून जातं, खाली चांदी उरते. २०२५ मध्ये चांदी किलोमागे लाखाच्या पुढे गेली, तेव्हा या धंद्याला काय तेजी आली असेल ते सांगायला नको. येवल्यात एक पैठणी विणायला विणकराला कित्येक महिने लागतात. ती भट्टीत जायला दहा मिनिटं पुरतात. घरात कुणी नेसत नाही, ठेवायला जागा नाही, पैसे तर मिळताहेत, या तीन वाक्यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पैठण्यांवरच्या असावलीच्या वेली आणि मुनियांची रांग वितळली आहे.

यावर उपाय एकच, ती साडी नेसणं. आणि नेसायची तर नीट नेसली पाहिजे, कारण जुनं रेशीम आतून थकलेलं असतं. पहिल्यांदा साडी उजेडासमोर धरावी. घडीच्या रेषेवर प्रकाश आरपार दिसला तर रेशीम तिथे चिरणार. अशा साडीला मागून मऊ नेट लावून घ्यावी, खाली फॉल असावाच. पिन जरीतून कधीही घालू नये. खांद्यावर आतून एक पट्टी शिवून त्या पट्टीला पिन लावावी. ठेवताना हँगर नको, जड पदरानं साडी स्वतःच्याच वजनाला फाटते. जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळून, वर्षातून दोन-तीनदा घडी बदलून ठेवावी. सोबत वेखंडाची किंवा लवंगांची पुरचुंडी चालते, पण ती रेशमाला टेकता कामा नये.

कापावी की कापू नये, हा वाद मी अनेक घरांत ऐकला आहे. माझं मत असं: धड साडीला कात्री लावणं हा गुन्हा आहे, फाटलेली साडी कापडात गुंडाळून पुजणं हा आळस आहे. इरकलीचंच बघा. तिचं अंग बऱ्याचदा सुती असतं आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताणे मागावरच वेढ्यात वेढा घालून जोडलेले असतात. अंग आधी विरतं, लाल पदर वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्या पदराचं जाकीट शिवा, ओढणी करा, साध्या पांढऱ्या सदऱ्यावर टाका, तो शोभतोच. पण ‘शिवलेल्या नऊवारी’साठी आजीचं अखंड लुगडं फाडलेलं बघवत नाही. नेसायला शिकायला एक दुपार लागते. ती दुपार वाचवायला सव्वाआठ मीटर कापडाचा बळी कशाला?

खणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं हे अरुंद पन्ह्याचं कापड महाराष्ट्रातल्या बायकांच्या चोळीवर जगत होतं. चोळ्या गेल्या, ब्लाऊज आले आणि माग बंद पडू लागले. मग गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, पर्स, कंदील, अगदी वहीची कव्हरंसुद्धा निघाली. मागणी वाढली खरी, पण ती बरीचशी यंत्रमागावरच्या कृत्रिम धाग्याच्या नकलेनं भागवली. गणपतीत मखर खणाचं आणि खण कृत्रिम धाग्याचा, असं आता सर्रास दिसतं. फॅशन आली म्हणजे विणकर वाचला असं समजायचं कारण नाही.

गावठी कापड मुद्दाम घालून मिरवणं हे नव्या पिढीनंच शोधलं असंही नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातकताईच्या खादीत गेले होते. भोवती संस्थानिकांचा झगमगाट आणि मध्ये हा पुण्याचा वकील शुभ्र खादीत. स्टायलिंग म्हणायचं तर ते!

आता ताटाकडे वळू. ‘जवळचं खा’ या सल्ल्यामागचं नेहमीचं कारण म्हणजे वाहतुकीचा धूर. ते कारण दिसतं तितकं भक्कम नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पूर आणि नेमेचेक या संशोधकांचा, जगभरातल्या शेतांचा धांडोळा घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या आकड्यांवरून अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण सहा टक्के भरतो. बाकीचं बहुतेक शेतात, गोठ्यात आणि जमिनीच्या वापरात घडतं. म्हणजे काय पिकवलं, कसं पिकवलं, हे किती लांबून आणलं यापेक्षा मोठं. सोलापूरच्या माणसाला साखर अगदी ‘स्थानिक’ आहे. कारखान्याची चिमणी घरातून दिसते. पण कृषी मूल्य आयोगानं दाखवून दिल्याप्रमाणे राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रात जेमतेम चार टक्के असलेला ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. तेव्हा शेजारच्या शेतातलं ते चांगलंच, हे काही खरं नाही.

त्याच सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा बघा. खोल काळी जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि त्या ओलीवर थंडीत वाढणारी रब्बी ज्वारी. पाण्याची एकही पाळी न देता पीक उभं राहतं. मालदांडी हा मूळचा तिथला गावठी वाण. त्यातूनच मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात ‘एम ३५-१’ निवडला गेला आणि आजही शेतकरी त्याला मालदांडीच म्हणतात. दाणा माणसाला, कडबा जनावराला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण दरम्यान रेशनवर गहू-तांदूळ मिळाले, पोळी प्रतिष्ठेची आणि भाकरी गरिबाची ठरली. १९७२ च्या दुष्काळात ‘मिलो’ नावाची परदेशी तांबडी ज्वारी खावी लागली, त्या चवीनं तर आणखीच मन उडालं. आज गंमत उलटी आहे. बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते, हॉटेलात भाकरीला पोळीपेक्षा जास्त पैसे लागतात आणि राबणाऱ्या घरात रेशनच्या गव्हाची पोळी होते. भाकरी थापायला वेळ लागतो, पीठ ताजं लागतं, ती मळून फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. म्हणजे इथेही प्रश्न हातांचाच.

कोकणात हे आणखी ठळक दिसतं. रातांबा मे महिन्यात पिकतो. फळं फोडून साल वेगळी करायची, ती रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे काळंभोर आमसूल होतं. मीठ घातलेल्या रसाचं आगळ. बीसुद्धा वाया जात नाही, तिच्यातून घट्ट कोकम तेल निघतं. ते पायांच्या भेगांना लावतात आणि आता सौंदर्यप्रसाधनांचे कारखानेही मागतात. एका फळाचा असा कणन्‌कण वापरणं शहरी पाहुण्याला फार भावतं. पण पाऊस चार दिवस आधी आला की झाडाखाली फळांचा सडा कुजतो, कारण फळं उतरवायला आणि सालं वाळत घालायला गावात माणूस नाही. तरुण मुलं मुंबईत, म्हातारी एकटी.

आणि शेवळं. पावसाच्या तोंडावर जमिनीतून जांभळट दांडे वर येतात, तेही मोजके आठवडे. कर्जत, मुरबाड, शहापूरकडच्या आदिवासी बायका पहाटे रानात जाऊन ते खुडतात, जुड्या बांधतात आणि कल्याण, ठाणे, दादरच्या स्टेशनाबाहेर फूटपाथवर बसतात. सोबत काकडांचा वाटा असतोच. काकडं म्हणजे एका रानझाडाची आंबट हिरवी फळं. शेवळात ऑक्झलेटचे सूक्ष्म, सुईसारखे स्फटिक असतात. नीट निवडलं नाही, आतला पिवळा भाग काढून टाकला नाही आणि काकडाचा आंबटपणा दिला नाही तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. सीकेपी घरांत शेवळात कोलंबी किंवा खिमा घालतात, आणि वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या त्या कालवणासाठी माणसं गुरुपौर्णिमेपेक्षा जास्त भाविक होतात. हे सगळं ज्ञान, कुठे उगवतं, कधी खुडायचं, खाज कशी मारायची, त्या फूटपाथवर बसलेल्या बाईकडे आहे. जुडीचा भाव मात्र आपण ठरवू पाहतो.

गेल्या काही वर्षांत रानभाज्यांचे महोत्सव भरू लागले, मोठ्या हॉटेलांच्या पावसाळी मेनूत शेवळं-टाकळा-करटोली आली. चांगलं आहे. पण खुडतो तो शेवळाचा फुलोरा. सगळेच फुलोरे खुडले तर फळ धरणार कुठून आणि बी पडणार कुठून? मागणी दुप्पट झाली की रान दुप्पट होत नाही. खाणाऱ्यानं एवढं तरी करावं, एका हंगामात दोन-तीनदा खाऊन थांबावं.

बी जपणं किती कष्टाचं असतं ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांच्या घरी कळतं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. घेवडा, वाल, भात, नागली, पालेभाज्या अशा डझनावारी पिकांचे गावठी वाण त्यांनी राखेत, मडक्यांत, कणगीत जपले, ‘बायफ’ संस्थेच्या मदतीनं त्यांची बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं जपायचं म्हणजे दर वर्षी पेरायचं, निवडायचं, वाळवायचं, भुंग्यापासून वाचवायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. वाण पेरला नाही तर मरतो. पैठणीचंही तेच आहे, नेसली नाही तर भट्टीत जाते.

प्रतिष्ठा आणि मजुरी यांच्यातलं अंतर सगळ्या जगाला दिसलं ते जून २०२५ मध्ये. मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’नं थेट कोल्हापुरी चपलेसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. आरडाओरड झाली, कंपनीनं मूळ कारागिरीचं ऋण मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड इथे बनवायचं ठरलं. किंमत जोडीला आठशे युरोच्या घरात. कोल्हापुरीला २०१९ पासून दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावणाऱ्या कारागिराला आजवर त्यातून काय मिळालं ते महाद्वार रोडवर एका जोडीचा भाव विचारला की समजतं. आपण संतापलो ते नावासाठी. तोच जोड घेताना शंभर रुपये कमी करा म्हणणारेही आपणच.

मोठ्या शहरांत बोहारणीची वाट आता सोसायटीच्या फाटकावर अडते. वॉचमन तिला आत सोडत नाही. अनोळखी माणसांना प्रवेश नाही, असा फलक असतो. त्याच सोसायटीत वर्षातून एकदा ‘जुने कपडे दान करा’ मोहीम होते, खोके भरतात, टेम्पो येतो. त्यात कुणाला डबा मिळत नाही आणि कपडे कुणी निवडले तेही कळत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर तासभर भांडणाऱ्यांनी या बाईला महिन्यातून एक दुपार आत येऊ द्यायचा ठराव मांडला, तर टाकाऊ कापडाच्या प्रश्नावर एखाद्या परिसंवादापेक्षा जास्त काम होईल. रफूगराचंही तसंच. गल्लीच्या तोंडाशी बसणारा रफूवाला दिसेनासा झाला, कारण नव्या टी-शर्टपेक्षा रफू महाग वाटायला लागलं.

गोधडीचा हिशेब तर कुणीही करून बघावा. डबल बेडची, हातानं धावदोरा घातलेली, टाके बारीक असलेली गोधडी शिवायला घरचं आवरून बसणाऱ्या बाईला आठ दिवस लागतात असं धरू. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ दिवसांचे झाले २,४९६ रुपये. यात जुन्या साड्या, दोरा, शहरापर्यंतचं एसटीचं तिकीट आणि प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं आलेलं नाही. त्या स्टॉलवर बाईनं दोन हजार सांगितले की पंधराशेला देता का, असं विचारायला आपण कचरत नाही.